चित्रासमोरचा बाक

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. मला पाठ नाही, म्हणून काही जण मला स्टूल समजतात. त्यांना मी मनातल्या मनात माफ करतो. ज्या सुताराने मला घडवले तो म्हणाला होता, "हत्ती बसला तरी हा हलायचा नाही." हत्ती अजून आलेला नाही. पण एकदा अख्खे बँडपथक ढोलासकट माझ्यावर बसले होते. खोटे वाटत असेल तर माझा डावा पाय पाहा.

मी चित्रसंग्रहालयाच्या शेवटच्या दालनात असतो. इथली चित्रे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या काही हट्टी तरुणांची आहेत. त्यांना प्री-रॅफेलाइट म्हणतात. त्यांचे मास्तर सांगत, झाड म्हणजे तपकिरी रंगाचा एक फराटा. हे म्हणाले, "छे! आम्ही रानात जाऊन बसू आणि पानन्‌पान काढू." माझ्या समोरच्या चित्रात ओढ्याकाठी तांबड्या केसांची एक बाई बसली आहे. मागे एक ऐसपैस झाड आहे.

माणसे या चित्रांच्या प्रेमात नेमकी कशी पडतात, याचे मला फार कुतूहल. पुस्तके म्हणतात, सौंदर्य पाहून. माझा अनुभव असा की, आधी पाय दुखतात. एक बाई चावणारी चप्पल काढायला बसली आणि संध्याकाळी अनवाणीच घरी गेली. एक गृहस्थ चक्क घोरत होते. जाग आली ती तांबड्या केसांसमोर. पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा त्यांच्या मिशा तांबड्या होत्या!

मग एक नवे साहेब आले. "लोक बसून राहतात, गर्दी पुढे सरकत नाही," असे म्हणून त्यांनी मला जिन्याखाली टाकले. तिथे सोबतीला एक झाडू होता, पण त्याचे बोलणे एकाच विषयावर. पावलांच्या आवाजावरून कळे, दालनात माणसे येतात आणि न थांबता निघून जातात. अखेर पहाऱ्यावरच्या मावशींनी साहेबांना सुनावले, "दिवसभर उभं राहायला माझे गुडघे तुम्ही घेता का?" मी परत आलो.

त्यानंतर एके दिवशी एक कुलूपवाला आणि त्याची मुलगी येऊन बसली. मुलीला चित्रकला शिकायची होती. बाप म्हणाला, "दाखव, काय आहे यात. पटलं तर जा कॉलेजात. नाही पटलं तर उद्यापासून दुकानात बस."

मुलीने पाठ केलेले सगळे सांगितले. बापाने जांभई दिली.

"बाई आजारी दिसते."

"बाबा, ती विचार करतेय."

"मग घरी जाऊन कर म्हणावं. ओल्यात कशाला बसलीय?"

मुलीने माझी कड घट्ट पकडली. तेवढ्यात बाप मांडीवर थाप मारून हसला.

"अगं, हा चित्रकार तर फसला! झाड बघ. डावीकडे कोवळी पालवी, उजवीकडे पिवळी पानं गळतायत. एका झाडाला दोन ऋतू? कुणी सांगितलं नाही होय याला?"

"सांगायला होतं कोण तिथे? त्यानं डावीकडून सुरुवात केली तेव्हा पालवीच होती, बाबा. रोज दिसेल तेवढंच काढायचा. उजवीकडे पोचेपर्यंत पानगळ आली."

"मग डावीकडचं पुसायचं!"

"का पुसायचं? ते त्यानं पाहिलं होतं ना."

बाप उठून चित्राला नाक लावायला गेला. "अहो, मागे व्हा!" मावशी ओरडल्या. त्याने हात पाठीमागे बांधले आणि एकेक पान बघत डावीकडून सरकू लागला. मग येऊन धपकन बसला.

"इतके महिने? एका झाडासमोर?"

"हो."

"आणि त्याचा बाप काही बोलला नाही?"

"बोलला असेल. यानं ऐकलं नसेल."

बापाने तिच्याकडे तिरके पाहिले. स्वतःची कानशीने घासून टणक झालेली बोटे पाहिली. "किल्ली बसेपर्यंत मी तरी कुठे उठतो," तो पुटपुटला. मग मोठ्याने म्हणाला, "जा. पण झाड निम्मं टाकून घरी आलीस तर याद राख!"

मुलगी रडली की हसली, मला कळले नाही. मला फक्त तिचे हलणे जाणवले.

दालन बंद करायची वेळ झाली. मावशी किल्ल्या वाजवू लागल्या. बाप पुन्हा चित्रापाशी उभा होता.

"थांबा हो बाई," तो म्हणाला, "आत्ता कुठे उन्हाळ्यापर्यंत आलोय."

तर मित्रांनो, माझ्यावर नावे कोरू नका, च्युइंगम तर मुळीच चिकटवू नका. आणि एखादे चित्र आवडले नाही, तर लगेच पाठ फिरवू नका. बसा आणि त्यातली चूक शोधा, अगदी मन लावून. चूक शोधायला बसलेला माणूस लवकर उठत नाही, हे मी माझ्या चारही पायांची शपथ घेऊन सांगतो.