अहोरावी

तृप्ती मटणाचा रस्सा वाढत होती आणि फोन वाजला. पुण्याहून अस्मिताताई, मासिकाच्या संपादक. हात खरकटे, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला. तिथेच घात झाला.

"तृप्ती, अंक आता छपाईला जातोय. हे 'अहोरावी' काय असतं गं?"

"काय?"

"तूच लिहिलंयस. 'नवऱ्याची अहोरावी तिला असह्य झाली.' आणि तो साहेब हातरिक्षावाल्यावर खेकसतो, 'अहो गाढवा, थांब!' जपानात गाढवालाही अहोजाहो करतात की काय?"

 तृप्तीने लिहिलं होतं अरेरावी. समोर नवरा, अनुप, भाकरीत मान घालून बसला होता. शेजारी सासरे, एकनाथराव, महिनाभरासाठी नागपूरहून मस्कतला, त्यांच्या अझैब्याच्या घरी आलेले.

काल हाच अनुप म्हणाला होता, "शुद्धलेखन मी बघतो, मेलही मीच करतो." आणि ही वेडी हरखली! आयुष्यातलं पहिलं भाषांतर, एका जपानी गोष्टीचं, नोकरी सांभाळून घासूनपुसून केलेलं; नवऱ्याने त्याला हात लावला म्हणून कोण आनंद! कसला हात लावला ते आता कळलं. कॉम्प्युटरला हुकूम देऊन पठ्ठ्याने सगळे 'अरे' एका फटक्यात 'अहो' करून टाकले. यंत्राला काय कळतंय? त्याने अरेरावीचीही मुंडी मुरगळली.

गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच्या तोक्योतली. नवरा विलायतेत शिकून येतो, बायकोच्या हातात इंग्रजी कादंबऱ्या देतो आणि म्हणतो, तिकडच्या बायकांसारखी हो. म्हणजे काय, तर झगा घाल आणि पाहुण्यांपुढे पियानो वाजव. ही बया त्या कादंबऱ्या खरोखरच वाचते. त्यातल्या बायका नवऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलतात. मग शेवटच्या ओळीत ती त्याला बायकांचं 'आनाता' म्हणत नाही; पुरुष आपल्या बरोबरीच्याला म्हणतात तसं 'किमी' म्हणते. आपल्यात सांगायचं तर 'अहो' सोडून सरळ 'अरे'. सगळी गोष्ट त्या एका शब्दासाठी. तो काढला की उरतं काय? झगा आणि पियानो!

"ऐकतेयस ना?" अस्मिताताई म्हणाल्या. "शेवटी बायको 'अहो' म्हणते, तर नवऱ्याच्या हातातला कप का पडतो? मला काही कळेना."

"अहोच ठेवा, मॅडम," अनुप घाईघाईने फोनकडे वाकला. "विषय खलास. आपल्या वाचकांना तेच बरं वाटेल."

"भाषांतर तुमचं आहे की तृप्तीचं?"

अनुपचा चेहरा लाल झाला. फोनवर हात ठेवून तो दबक्या आवाजात म्हणाला, "अख्खं मस्कत म्हणेल, ही घरात नवऱ्याला अरेतुरे करत असेल. ऑफिसात तोंड कसं दाखवू? बाबांना काय वाटेल?"

आणि हा गृहस्थ दर भीमजयंतीला स्त्रीमुक्तीवर टाळ्या घेतो बरं का! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"मला मध्ये ओढू नको," एकनाथराव म्हणाले. त्यांनी ताट पुढे सारलं.

तृप्तीपुढे दोनच वाटा होत्या. बोललं तर सासऱ्यांसमोर नवऱ्याची अब्रू जाणार आणि पुढचे कित्येक दिवस घरात अबोला. गप्प बसलं तर आपल्या नावाखाली ही मेलेली गोष्ट छापून येणार, कायमची. तिने अनुपचा हात फोनवरून बाजूला केला.

"ताई, हे शब्द ह्यांनी बदललेत, मला न विचारता." तिने हात पुसले. "मूळ फाइल आत्ता पाठवते. शेवटी 'अरे'च छापा."

"तृप्ती!" अनुप ओरडला.

"अहो, इतकी वर्षं संसार केला, मी तुम्हाला कधी अरे म्हटलंय? रागात? लाडात? एकदा तरी?"

अनुपने पुन्हा भाकरीत मान घातली.

"मग तिला तरी म्हणू द्या."