वगळलेली पावलं

कस्तुरी मगदूम सांगलीत विश्रामबागच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. साठीच्या पुढची गावाकडची माणसं दिवसाकाठी किती चालतात, हा तिच्या पीएच.डी.चा विषय. त्यासाठी रहिमतपूरजवळच्या एका गावात तिनं चाळीस जणांच्या मनगटाला पावलं मोजणारे पट्टे बांधले होते. गावातली आशा सेविका समीक्षा दर आठवड्याला आकडे पाठवायची.

बहुतेकांची पावलं पाच-सहा हजारांच्या घरात. मनुबाईंची मात्र सव्वीस हजार, एखाद्या दिवशी तीस. पासष्टीची, काटकुळी बाई ही. मळ्यातल्या वस्तीवर राहणारी, नवरा फौजेतून निवृत्त झालेला हवालदार. कस्तुरीला आधी हसू आलं आणि मग राग आला. हिनं पट्टा दुसऱ्याच कुणाला तरी बांधला असणार!

पुढच्या फेरीत देवळाच्या ओट्यावर तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "मावशी, पट्टा तुमच्याच हातात असतो ना?"

"व्हय."

"मग एवढं चालता कुठं?"

मनुबाईंनी पदर सारखा केला. "असंच. रानात."

"शेरडाला बांधला आसंल!" मागनं कुणीतरी म्हणालं. ओटा हसला, कस्तुरीही हसली, आणि तिनं पट्टा सोडवून घेतला. मनुबाई उठून वस्तीच्या वाटेला लागल्या.

सांगलीला परतल्यावर तिनं मनुबाईंची ओळ गणितातून काढून टाकली. सरासरी कशी छान जागेवर आली.

सात महिन्यांनी शोधनिबंध तपासणाऱ्यांनी विचारलं, ही एक व्यक्ती कशाच्या आधारावर वगळली? उत्तर लिहायला म्हणून कस्तुरीनं मनुबाईंचे मिनिटामिनिटाचे आकडे पहिल्यांदाच उघडले. वीस मिनिटं भराभर चाल, अर्धा तास थांबा, पुन्हा चाल. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत तेच, रोज. शेळी अशी चालत नाही, हे तिला बघताक्षणी कळलं. तिनं समीक्षाला फोन लावला.

"मॅडम, मनुबाईंचे मालक, केरबानाना, गेले की श्रावणात," समीक्षा म्हणाली. "त्यांना विसरायचा आजार होता. ड्यूटीवर जायचंय म्हणून रोज निघायचे, आणि मनुबाई दिवसभर त्यांच्या मागं मागं. गावाला वाटायचं, फौजी माणूस, फिरायची सवय आहे. एक दिवस मनुबाई तापानं निपचित पडल्या, आणि नाना एकटेच गेले. दुसऱ्या दिवशी औंधच्या रस्त्याला, कॅनॉलमध्ये सापडले."

कस्तुरीनं फोन ठेवला. आकडे जगावेगळे दिसले तर घरी डॉक्टर पाठवायची सोय तिच्याच प्रकल्पात होती. कमी चालणाऱ्या तिघांसाठी तिनं तसे अर्ज भरलेही होते. जास्त चालणाऱ्या बाईसाठी अर्ज भरावा, हे तिला सुचलंच नव्हतं.

रविवारी ती वस्तीवर गेली. मनुबाई दारात तूर निवडत होत्या.

"मावशी, माझं चुकलं. मी तुम्हाला खोटं ठरवलं."

"तुमचं काय चुकलं, बाई? मीच बोलले न्हाई. हवालदार मानूस हुता. त्यास्नी कुनी येडं म्हनलेलं मला खपलं नसतं." सुपातले खडे त्यांनी बाजूला टाकले. "पर पट्टा हुता तवा बरं वाटायचं. लय पाय दुखायचं, तरी म्हनायची, कुनीतरी मोजतंय."

"तुमचे आकडे मी परत धरणार आहे," कस्तुरी म्हणाली.

"आता धरून काय हुनार?"

त्या आवाजात राग नव्हता. असता तर कस्तुरीला सोपं गेलं असतं.

मनुबाईंनी उन्हाकडं पाहिलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "तुमच्या जैनांत दिवस बुडायच्या आत जेवत्यात न्हवं? बसा. कांदा-लसूण घालत न्हाई."

त्या परातीत पीठ मळायला बसल्या. कस्तुरीला नको म्हणवेना. ताट पुढं आलं तेव्हा दिवस अजून बुडाला नव्हता; तिनं भाकरी मोडली.