या, जेवायला

आमच्या राष्ट्राध्यक्षा मॅडम बाल्डेमोर चिडल्या की आवाज खाली येतो. त्या सकाळी त्या इतक्या हळू बोलत होत्या की जनरल उर्सुआंना पुढे वाकून ऐकावं लागत होतं.

समुद्रातल्या एका खडकावर आम्ही एक जुनं जहाज मुद्दाम रुतवून ठेवलंय. त्यावर आमचे नौसैनिक राहतात, म्हणून खडक आमचा, असा सगळा मामला. शेजारी देशाच्या बोटींनी त्याला वेढा घातला होता आणि रसद पोचत नव्हती. त्याच जहाजावर माझा धाकटा, क्रिसांतो. मी मॅडमचा लष्करी साहाय्यक, कर्नल अल्काराझ. दाराशी ताठ उभा होतो, पण कान टेबलावरच्या रेडिओकडे होते.

"त्यांची बोट जहाजाला भिडलीय," उर्सुआ म्हणाले. "हातात कुऱ्हाडी आहेत. विमानं तयार आहेत, मॅडम. तुम्ही फक्त हो म्हणा."

"विमानं तयारच राहू देत. बंदुका भरलेल्या ठेवा. पण पहिली गोळी आपली नसेल."

"आणि त्यांनी आपली पोरं मारली तर?"

"तर दुसरी आपली, आणि ती चुकणार नाही. तोवर हात दाखवून अवलक्षण नको."

मला बाईंचा संताप आला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"कर्नल, तुमचा मुलगा तिथे आहे. बाहेर बसायचं तर बसा."

"नको, मॅडम. इथेच बरा आहे."

रेडिओ बराच वेळ नुसता खरखरला. मग जहाजावरच्या लेफ्टनंटचा आवाज आला, जरा ओशाळलेला.

"त्यांचा एक जण शिडीनं वर आला, सर. आम्ही जेवायला बसलो होतो. क्रिसांतोनं ताट पुढे केलं आणि म्हणाला, या, जेवायला."

आमच्याकडे घास हातात असताना कुणी समोर आलं की असं म्हणायचंच. आलेल्यानं 'नको, चालू द्या' म्हणायचं, हाही रिवाजच. त्या परक्याला तो कुठला ठाऊक असायला?

"मग?" उर्सुआंनी विचारलं.

"बसला, सर. जेवतोय."

"शाब्बास. शत्रूला जेवू घालतोय कर्नलसाहेबांचा दिवटा."

"काय वाढलंय?" मॅडमनी विचारलं.

"भात आणि सुकी मासळी, मॅडम. शेवटची."

"जेवू द्या त्याला," त्या म्हणाल्या.

तो जेवला, कुऱ्हाड काखोटीला मारली आणि उतरून गेला. थोड्या वेळानं बोटही मागे हटली. तरी मॅडमनी विमानं हलू दिली नाहीत. रसद पोचेपर्यंत ती धावपट्टीवर सज्जच होती.

क्रिसांतो घरी आला तेव्हा गालफडं बसली होती. त्याच्या आईनं पुढ्यात माशाचं आंबट कालवण ठेवलं. तो मान वर न करता जेवत होता.

"काय रे," मी म्हणालो, "कुऱ्हाडवाल्याला ताट देताना भीती नाही वाटली?"

"सवयीनं बोलून गेलो, ताताय. त्यानं नको म्हणायचं ना. मेल्यानं सगळा भात संपवला."

"आणि तू?"

"मी उपाशी. एक हात ताटाला, दुसरा ताटाखाली पिस्तुलावर. हुकूमच होता तसा." त्यानं बोटं चाटली. "बरं झालं विमानं नाही आली. ती बोट आमच्या अंगाला चिकटून होती, ताताय. वरून बॉम्ब पडला असता तर आधी आम्हीच गेलो असतो."

मी भाताचं भांडं पुढे ओढलं. त्याच्या ताटात आणखी भात वाढला.