ओला तुकडा कोणता

“काकू, यातला ओला कुठला?” सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढताच सरांनी विचारलं.

काकू खूण शोधायला वाकल्या. दगडाचे दोन तुकडे गोंदाच्या एकाच वडीत शेजारी शेजारी बसलेले, आरशासारखे घासलेले. आणि खूण? खूण होती डबीच्या झाकणावर. ती काकूंनीच काल अख्खी दुपार खपून, मोठ्या मायेनं घासून टाकली होती.

आता या काकू म्हणजे काही कुणाच्या सख्ख्या काकू नव्हेत. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. लेकीचं लग्न उरकल्यावर तिनं घरी स्वस्थ बसावं की नाही? तर नाही. पीएच.डी.ला नाव घातलं. गाईड वयानं लहान, म्हणून ते यांना काकू म्हणत आणि या त्यांना सर. हा उलटा कारभार प्रयोगशाळेत सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता.

काकूंचा प्रश्न तसा साधा होता. जमिनीखाली खूप खोल, जिथे कुणी कधी जाणार नाही, तिथे ऑलिव्हिन नावाच्या हिरवट खनिजाचा दगड तापत पडलेला असतो. त्याचे कण हळूहळू वाढतात. मोठा कण शेजारच्या बारक्याला गिळत जातो. दगडात जरासं पाणी मुरलेलं असेल, तर ही वाढ जोरात होते का? हे बघायला दगडाची पूड प्लॅटिनमच्या दोन इवल्याशा डब्यांत भरायची. एकीत पाण्याचा थेंब, दुसरी भट्टीत वाळवून कोरडी ठणठणीत. झाकण झाळताना थेंब उकळून उडून जातो, म्हणून ओल्या डबीला गार फडकं गुंडाळायचं. त्या झाळणीनं काकूंच्या नाकी नऊ आणले होते. किती डब्या गळक्या निघाल्या त्याची गणती त्यांनी सोडून दिली होती. मग दोन्ही डब्या एकत्र दाबयंत्रात, दोघींना तोच दाब, तीच आच.

या खेपेला दोन्ही डब्या धड निघाल्या. आणि नेमकी याच खेपेला काकूंनी खूण बुडाऐवजी झाकणावर केली, आणि घासायला घेतलं ते झाकणाकडूनच. पुन्हा करू म्हणावं, तर दाबयंत्र मोडीत निघालेलं. शेजारच्या खोलीत मिस्त्री त्याचे बोल्ट सोडवत बसला होता. हे दोन तुकडे हातचे गेले की प्रबंधही गेला.

“एकात कण टपोरे आहेत, एकात बारीक,” सर म्हणाले. “टपोरा तो ओला. टाका लिहून.”

“अहो सर, तेच तर दाखवायचंय ना. टपोरा दिसतो म्हणून ओला म्हणायचं, आणि मग ओला होता म्हणून टपोरा झाला म्हणायचं? माझी सहावीतली पोरं हसतील मला.”

“कुणाला कळणारेय, काकू?”

“मला कळलंय की.”

काकूंचे यजमान, म्हणजे ओघानंच काका, शाळेची बस चालवायचे. संध्याकाळी त्यांनी दारातच विचारलं, “काय मग, झालं का दगडाचं बाळंतपण?”

“झालं. जुळं झालं,” काकू चपला काढत म्हणाल्या, “आता थोरलं कुठलं तेच कळेना.”

काका खो खो हसले. मग बायकोचा चेहरा बघून त्यांनी मुकाट्यानं चहा टाकला आणि सगळं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी दोन्ही तुकड्यांच्या कागदासारख्या पातळ चकत्या केल्या आणि पलीकडच्या इमारतीत नेल्या. तिथे अवरक्त किरणांचं यंत्र होतं. चकतीतून किरण सोडायचे. आत पाणी असेल तर पडद्यावरच्या रेघेला उंचवटा येतो. यंत्र चालवणाऱ्या बाई मोठ्या फटकळ होत्या.

“आधी कुठली घालू?”

“बारीक कणांची घाला. म्हणजे जे काय व्हायचं ते होऊन जाईल.”

रेघ सरळ चालली, चालली, आणि फुगली. चांगला गलेलठ्ठ उंचवटा. बारीक कणांचा तुकडा ओला निघाला, तर इतक्या वर्षांचं सगळं मुसळ केरात.

यंत्रवाल्या बाईंनी न सांगताच दुसरी चकती घातली. तिलाही तसाच उंचवटा.

“काकू,” बाई म्हणाल्या, “हे पाणी नाही. हा तुमचा गोंद आहे. चकत्या धुतल्या होत्या का?”

“धुतल्या होत्या की.”

“कशा? भांडी विसळल्यासारख्या?”

काकूंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी चकत्या ॲसिटोनमध्ये रात्रभर भिजवल्या, सकाळी पुन्हा धुतल्या, वाळवल्या, आणि दुपारी पुन्हा त्याच स्टुलावर येऊन बसल्या. या वेळी सरही मागे येऊन उभे राहिले.

बारीक कणांची चकती. रेघ सपाट, शेवटपर्यंत सपाट.

टपोऱ्या कणांची चकती. रेघ चालली, आणि जिथे चढायला हवी तिथेच ऐटीत चढली.

काकूंनी यंत्रवाल्या बाईंना मिठी मारली. बाई “अहो, अहो, यंत्राला धक्का लागेल” म्हणत राहिल्या, पण सुटायची घाई काही त्यांनी केली नाही. काकूंना इतका आनंद लेकीच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता, आणि हे लेकीला सांगायची सोय नव्हती.

“मी परवाच म्हणालो होतो, टपोरा तो ओला,” सर म्हणाले.

“म्हणाला होतात, सर. आज दगड म्हणाला.”

सरांनी काकूंच्या हातातली पिशवी घेतली आणि जिना उतरून फाटकापर्यंत पोचवायला आले.

फाटकाबाहेर काका रिकामी बस घेऊन थांबले होते. काकू चढल्या आणि पोरांच्या पुढच्या बाकावर बसल्या. काकांनी आरशातून त्यांचे भरलेले डोळे पाहिले आणि काय समजायचं ते समजले.

“असू दे गं,” ते समोर बघतच म्हणाले. “नसेल झालं तर नसेल. मी दोन दिवस विचार करतोय. तू परवाच लिहून टाकलं असतंस, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पदवी मिळाली असती. पण मग रात्री तू कूस बदलत पडली असतीस, आणि मलाही झोप लागली नसती. त्यापेक्षा हे बरं. नावापुढे डॉक्टर नसलं म्हणून काय झालं, खोटं लिहिणार नाही अशी बायको आहे माझी. बसमधल्या पोरांना सांगतो मी, आमच्या घरी अशी बाई आहे म्हणून.”

काका इतकं सलग कधी बोलल्याचं काकूंना आठवत नव्हतं. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. पूर्ण बोलू दिलं.

मग डोळे पुसून म्हणाल्या, “अहो, टपोराच ओला निघाला.”

काका गर्रकन मागे वळले. “मग इतका वेळ मला का बोलू दिलंस?”

“छान बोलत होतात,” काकू म्हणाल्या.