बाराव्या मजल्यावरचा बॉम्ब

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बाईची मुलगी बटण चुकते, हे आईच्या फारच जिव्हारी लागलं.

"आणि असं कितीदा झालं?"

"मोजलं नाही," ठकी म्हणाली. मोजलं होतं.

ठकी घरात बसून एका पाच जणांच्या टोळीतून गेम खेळायची. टोळीत तिचं काम डॉक्टरचं. आपला माणूस पडला की धावत जायचं आणि मलमपट्टी करून त्याला उभं करायचं. या डॉक्टरकडे बॉम्बही असायचा. का, ते गेम काढणाऱ्यांनाच ठाऊक. हल्ली मात्र ठकी जखमी माणसाकडे जिवाच्या आकांताने धावायची, मायेने वाकायची आणि त्याच्यावर बॉम्ब टाकायची.

टोळीचा कप्तान तिचा मावसभाऊ. त्याने आज बजावलं होतं, की रविवारच्या सामन्यात पुन्हा चुकून आपल्याच माणसावर बॉम्ब पडला, तर ठकी टोळीबाहेर. नातं नात्याच्या जागी, खेळ खेळाच्या जागी.

"या कप्तानाचं शेंबडं नाक मी पुसलंय," आई म्हणाली.

"ते रविवारी सांगू नकोस. सगळ्यांचे माइक चालू असतात."

"चूक कुणाची? तुझी की बटणाची?"

ठकीने नवा माउस पुढे केला. गलेलठ्ठ, आतून दिवे लागणारा. अंगठ्याच्या बाजूला बारा बटणं, दाटीवाटीने बसवलेली, सगळी सारखीच गुळगुळीत. आईने तो मुठीत घेतला, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला.

"हे ज्याने केलं, त्याला अंधारात लिफ्टमध्ये कोंडायला हवं. बोटाला कळणार कसं कुठे आलो ते?"

"आई, हा माउस आहे. लिफ्ट नाही."

"बारा बटणं आहेत. माणसं वरखाली होतात. मधेच कुणीतरी अडकतं आणि सगळे ओरडतात. आणखी काय असतं लिफ्टमध्ये?"



आईने कामाची पिशवी आणली. बाबांना खोलीबाहेर काढलं, कारण दुरुस्ती चालू असताना प्रवासी नकोत. मग ठकीने संगणकावर माउसचं सॉफ्टवेअर उघडून दिलं. पडद्यावर माउसचं चित्र, प्रत्येक बटणाला एक रेघ आणि रेघेच्या टोकाला त्याचं काम. हवं ते काम हव्या त्या बटणाला देता येत होतं. आईला ही व्यवस्था बेहद्द आवडली. ठकी पाणी प्यायला गेली.

ज्या यंत्रात हात घालायचा त्याचा पुरवठा आधी तोडायचा, हा आईचा नियम. तो तिने नवशिक्यांना ओरडून ओरडून शिकवला होता. माउसमध्ये सगळ्यात महत्त्वाचं काय? डावं बटण. तेव्हा आईने आधी डाव्या बटणाचं काम काढून घेतलं. नक्की ना, असं सॉफ्टवेअरने विचारलं. विचारून काम करणारी यंत्रं आईला सज्जन वाटतात. तिने हो म्हटलं.

ठकी परतली तेव्हा पडद्यावर बाण मोकाट फिरत होता, पण दाबलं तर काहीच दाबलं जात नव्हतं.

"आई, काय केलंस?"

"नियम पाळला."

"डावं बटण चालू करायला डावंच बटण दाबावं लागतं गं!"

दाराबाहेरून बाबांचा आवाज आला, "अडकलात का?"

"नाही!" दोघी म्हणाल्या.

शेवटी बाबांच्या कपाटातला जुना माउस जोडून नव्याची सुटका करावी लागली. तेव्हापासून तांत्रिक बाजू आपण सांभाळली, असं बाबा सगळ्यांना सांगतात.

मग खरं काम सुरू झालं. मलमपट्टी मधल्या बटणावर, आणि त्यावर घट्ट गोंदाचा एक टपोरा ठिपका, अंगठ्याला झोपेतही सापडेल असा. पळायच्या बटणाला पॉलिश पेपरने खरखरीत केलं. बॉम्ब पार कोपऱ्यात, बाराव्या बटणावर. त्याभोवती आईने बाटलीच्या झाकणाची कडी कापून चिकटवली, म्हणजे अंगठा घसरत घसरत तिथे पोचायला नको. वर सॉफ्टवेअरमध्ये लावून दिलं, की बारावं बटण नुसतं दाबून उपयोग नाही. दाबून धरलं तरच बॉम्ब.

"किती वेळ धरायचं?"

"मनात 'नक्की' म्हणण्याइतका. लिफ्टची धोक्याची घंटा अशीच असते. नाहीतर टेकून उभा राहणारा प्रत्येक जण वाजवेल."

पुढचे दिवस ठकी डोळ्यांना टॉवेल बांधून बसायची आणि आई भाजी निवडता निवडता हुकूम सोडायची. "पळ! मलमपट्टी! बॉम्ब!" बाबा येता-जाता "मेलो, मेलो" म्हणायचे. ठकी त्यांना प्रत्येक वेळी वाचवायची.

रविवारी गेमिंगच्या हॉलमध्ये आई ठकीच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"मावशी, तू बाहेर बस ना," कप्तान म्हणाला.

"मी बसवलेलं यंत्र पहिल्यांदा चालतंय. मी इथेच थांबते."

सामना अटीतटीचा झाला. शेवटी त्यांच्यातले तीन संपले. कप्तान जखमी होऊन एका कोपऱ्यात पडलेला, आणि समोरच्या टोळीचे उरलेले दोघे त्याच्या डोक्यावर बंदुका घेऊन उभे. तो ओरडत होता, "ठके, पट्टी! पट्टी!"

ठकी धावली. आईची नजर पडद्यावर नव्हतीच, ती अंगठ्यावर होती. अंगठा ठिपक्यावर आला. ठिपका ओलांडून पुढे गेला. अंगठा कडीच्या आत उतरला आणि बटण दाबून तिथेच राहिला. नक्की म्हणण्याइतका.

धडाड! समोरचे दोघे आणि कप्तान एकदमच गेले. मैदानात एकटी ठकी उरली. सामना जिंकला.

कप्तानाने हेडफोन आपटले. "परत माझ्यावर? काय ठरलं होतं आपलं?"

"मुद्दाम टाकला," ठकी म्हणाली. "तुला उठवलं असतं तर आपण दोघेही मेलो असतो."

"आता असंच म्हणशील तू!"

आईने माउस उचलून वायर पुरेल तितका त्याच्या नाकासमोर नेला. "हे बारावं. दाब."

त्याने दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

"आता धरून ठेव."

त्याने धरलं. पडद्यावर विजयाचा नाच करणाऱ्या ठकीच्या पायाशी बॉम्ब फुटला.

"बघितलंस? हे चुकून होतच नाही," आई म्हणाली. तिचा आवाज आपोआप मोठा झाला होता आणि तिला तो लहान करायचा नव्हता. "माझ्या मुलीने तुला पूर्ण विचार करून मारलंय."

कप्तानाने बोटाने ती कडी चाचपली, ठिपका चाचपला. मग ठकीकडे न बघता म्हणाला, "मंगळवारी सराव आहे. वेळेवर ये."

हॉलच्या पायऱ्या उतरता उतरताच आईने बहिणीला फोन लावला.

"अगं, ठकीने आज तुझ्या पोराला बॉम्बने उडवलं!"

"अगंबाई! मग?"

"मग काय मग? काय नेम होता म्हणून सांगू तुला!"