पोन्नुलिंगम मामांचं मुंडासं

हे लिहिणारच नव्हतो. चूक माझी आहे, आणि ती सांगायला मला लाज वाटते.

सुयंबू माझा दोस्त, मस्कतला असतो. त्याचे वडील पोन्नुलिंगम मामा. चाळीस वर्षं ताडावर चढून नीरा काढली, आता हात थरथरतात. मंगळवारी नागरकोइलला हृदयाचं ऑपरेशन. त्याआधी एकदा स्वामितोप्पला अय्यांच्या देवळात जायचं, एवढाच त्यांचा हट्ट. सुयंबू फोनवर म्हणाला, "तू ने रे. पुढचं कुणी पाहिलंय."

रविवारी गेलो. विहिरीवर अंघोळ केली, सदरे काढले. डोक्याला मुंडासं बांधल्याशिवाय पुरुषानं आत जायचं नाही. मामांनी पंचा गुंडाळला. सुटला. परत गुंडाळला. परत सुटला. मागून रांग ढकलत होती.

"द्या, मी बांधतो."

"हात लावू नकोस."

"मामा, दार लागेल."

"लागू दे."

मागची बाई म्हणाली, "काय थोरले, नवरदेव आहात का? उरका की." चारजण हसले.

मामांचे ओठ निळे पडायला लागले होते. मला वाटलं, हे इथंच कोसळणार. चौथ्यांदा पंचा निसटला तसा मी तो हिसकावला आणि त्यांच्या डोक्याला करकचून आवळला.

 मामांनी तो सोडला, घडी करून काखेत धरला.

"माझ्या खापरपणज्यानं डोक्याला फडकं बांधलं म्हणून वरच्या जातवाल्यांनी भर वाटेत मारलं होतं त्याला. अय्यांनी सांगितलं, बांधा. तेव्हापासून आमच्यात ज्याचं त्यानं बांधायचं." माझ्याकडं बघून म्हणाले, "तू बांधलीस ती दवाखान्याची पट्टी."

आणि रांगेतून बाहेर पडले. आत मूर्तीच्या जागी असतो तो आरसा, त्यापुढचा दिवा चार पावलांवर दिसत होता. तसेच बसमध्ये जाऊन बसले.

घरी पोचलो तोच सुयंबूचा फोन. "झालं दर्शन?"

'झालं' अगदी ओठावर आलं होतं.

"नाही. माझ्यामुळं राहिलं." सगळं सांगितलं.

 तो म्हणाला, "उद्या संध्याकाळी भरती करायचंय त्यांना."

"सकाळी परत नेतो. दुपार झाली तरी थांबीन."

"आणि पडले तर?"

"पडले तर सावरीन. पण सुयंबू, शब्द देतो, डोक्याला हात लावणार नाही."