खालचा खडक

जमिनीवरून सुटलेला कोरडा वारा तिसऱ्या दिवशीही थांबायचं नाव घेत नव्हता. भरतीचं पाणी वाऱ्यानं मागे रेटल्यामुळे अर्ध्या वाटेवरूनच परतत होतं. एरवी ओहोटीतही कमरेएवढ्या पाण्यात असणारा खालचा खडक पार उघडा पडला होता. काळ्या शिंपल्यांनी नुसता मढलेला, एकेक शिंपला तळहाताएवढा.

सुनेच्या पायाला भिंगरी लागली. सासूबाई गोणपाटांचं ओझं घेऊन पोचेपर्यंत तिचं घमेलं अर्धं भरलंही होतं.

"आई, ही गोणपाटं कशाला?"

"भिजवून खडकावर झाकायला."

"गावाची नजर लागेल म्हणून?"

"ऊन लागेल म्हणून."

"तुम्ही पण ना! नाहीतरी उन्हानं मरणारच आहेत. त्यापेक्षा काढलेले काय वाईट?"

सासूबाईंनी गोणपाटांचं ओझं खाली टाकलं. चाळीस वर्षांपूर्वी असाच वारा सुटला होता, तेव्हा हेच शब्द त्यांच्याच तोंडचे होते. त्यांनी आणि त्यांच्या जावेनं चढाओढीनं हा खडक खरवडला, त्याचं पार टक्कल केलं. वस्तीनं कौतुक केलं. वस्ती रोज काढायची त्या वरच्या खडकांवर याच खडकाच्या बीजातून पिल्लं धरत; पुढच्या वर्षी ती धरलीच नाहीत, त्याच्या पुढच्याही वर्षी नाहीत. सात वर्षं बायका कोयते घेऊन हात हलवत परतल्या आणि या दोघींनी खापर पावसावर फोडलं. जाऊ वारली तेव्हाही ही गोष्ट दोघींतच होती.

आज पहिल्यांदाच ती सासूबाईंच्या तोंडून बाहेर पडली. सून कोयता हातात धरून ऐकत राहिली.

"एवढी वर्षं बोलला नाहीत?"

"कुठल्या तोंडानं बोलणार होते?"

सुनेनं खडकावरचा एक शिंपला दाखवला. त्याचं तोंड उघडंच होतं. "पण हा बघा, गेलाच की."

सासूबाईंनी नखानं त्यावर टिचकी मारली. काहीच झालं नाही. त्यांनी ओंजळभर पाणी टाकून पुन्हा मारली आणि वाट पाहिली. शिंपला हळूहळू, जणू नाइलाजानं, मिटला.

"हा वारा चौथ्या दिवशी दमतो. तोवर ओलं ठेवायचं, बस."

सुनेनं घमेल्याकडे पाहिलं. मग शिंपले अलगद खडकाच्या फटीत ओतले आणि घमेलं घेऊन पाण्याकडे निघाली. चार पावलांवर ती थबकली. वरून पाचसहा बायका कोयते, पाट्या घेऊन हसत-खिदळत उतरत होत्या.

"आई, त्या आल्या. त्यांना काय सांगायचं?"

त्यातल्या दोघी तर त्या सात वर्षांत रिकाम्या पाट्या घेऊन परतलेल्या. आजही पावसाचंच कारण पुढे करता आलं असतं.

"तू पाणी आण," सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "सांगायचं ते मी सांगते."